जाहिरात, उपयोजित कला आणि शहरी दैनंदिनता : अरुण कोलटकर यांच्या निर्मितिप्रेरणांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

स्वातंत्र्योत्तर मराठी कवितेचा इतिहास लिहिताना सामान्यतः दोन प्रकारच्या प्रेरणांचा विचार केला जातो. एक म्हणजे संतकाव्यापासून चालत आलेली परंपरा आणि दुसरी म्हणजे पाश्चात्त्य साहित्यातून आलेले नवे विचारप्रवाह. कवी ज्या व्यवसायावर पोट भरत होता, त्या व्यवसायाने त्याच्या दृष्टीला आणि शब्दकळेला कोणते वळण दिले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. पोटापाण्याचा उद्योग हा चरित्राचा भाग आणि कविता हा साहित्याचा भाग, अशी सोयीची विभागणी समीक्षेने स्वीकारली आहे. जाहिरात व्यवसायाबाबत तर ही विभागणी अधिकच कठोर आहे. कविता ही आत्म्याची भाषा आणि जाहिरात ही बाजाराची भाषा, असे मानले गेल्यामुळे त्या दोहोंत देवाणघेवाण होऊ शकते ही शक्यताच विचारात घेतली गेली नाही.

अरुण कोलटकर यांचे उदाहरण या गृहीतकाला छेद देणारे आहे. मराठी आणि इंग्रजी या दोन्ही भाषांत प्रथम दर्जाची कविता लिहिणारे कोलटकर हे व्यवसायाने जाहिरात क्षेत्रातील कलादिग्दर्शक होते. उपयोजित कलेचे शिक्षण, जाहिरातीचा व्यवसाय आणि मुंबईचा रस्ता या तीन गोष्टींचा त्यांच्या काव्यनिर्मितीशी कोणता संबंध होता, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मुंबईतील उपयोजित कलेची पार्श्वभूमी

मुंबईत सर जे. जे. कला शाळेची स्थापना १८५७ साली झाली. या संस्थेत व्यावसायिक कलेचा स्वतंत्र विभाग १९३५ मध्ये सुरू झाला आणि १९६१ मध्ये त्यातून सर जे. जे. उपयोजित कला संस्था ही वेगळी संस्था अस्तित्वात आली. दरम्यानच्या काळात मुंबई हे देशातील जाहिरात व्यवसायाचे प्रमुख केंद्र बनले होते. १९४६ मध्ये बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी घडविलेला एअर इंडियाचा महाराजा आणि १९६६ मध्ये सिल्व्हेस्टर डाकुन्हा व युस्टेस फर्नांडिस यांच्या कल्पनेतून साकारलेली अमूलची मुलगी ही या शहराच्या दृश्यसंस्कृतीची दोन सर्वपरिचित उदाहरणे होत.

या व्यवसायात मराठी भाषकांनी केलेले काम मोलाचे आहे. कमल शेडगे यांनी वृत्तपत्रांची शीर्षके आणि नाटकांच्या जाहिराती यांच्यासाठी केलेल्या अक्षरांकनामुळे, नाटकाचे नाव वाचण्यापूर्वीच त्याचा स्वभाव वाचकाच्या लक्षात येऊ लागला. र. कृ. जोशी हे जाहिरात क्षेत्रात काम करीत असतानाच कवीही होते आणि अक्षररचनाकारही. पुढे संगणकावर देवनागरीसाठी सर्वत्र वापरल्या गेलेल्या ‘मंगल’ या टंकाची रचना त्यांनीच केली. अक्षर हे केवळ अर्थाचे वाहन नसून त्याला स्वतःचा आकार, वजन आणि चाल असते, ही जाणीव या पिढीने प्रत्यक्ष कामातून मिळवली होती. कोलटकर याच वातावरणात घडले.

कलादिग्दर्शक आणि कवी

कोल्हापुरात जन्मलेले कोलटकर १९४९ मध्ये जे. जे. मध्ये दाखल झाले. मध्यंतरी शिक्षणात खंड पडला आणि पदविका त्यांनी १९५७ मध्ये पूर्ण केली. त्यानंतरचा त्यांचा दीर्घ काळ जाहिरात व्यवसायात गेला. कवी असलेल्या केर्सी कात्रक यांनी १९६५ मध्ये सुरू केलेल्या एमसीएम या संस्थेशीही त्यांचा संबंध होता. व्यावसायिक कलावंतांच्या ‘कॅग’ या संघटनेचे पुरस्कार त्यांना अनेकदा मिळाले आणि १९८९ मध्ये या संघटनेने आपल्या सन्मानितांच्या श्रेणीत त्यांचा समावेश केला. याचा अर्थ असा की जाहिरात हा त्यांच्यासाठी नाइलाजाने पत्करलेला किरकोळ उद्योग नव्हता. त्या क्षेत्रातही ते अव्वल मानले जात होते.

याच वर्षांत त्यांचे काव्यलेखन समांतर चालू होते. १९५४ मध्ये दिलीप चित्रे आणि त्यांच्या मित्रांनी ‘शब्द’ हे चक्रमुद्रित अनियतकालिक सुरू केले, त्यात कोलटकरांचा सहभाग होता. १९६० नंतर लघुअनियतकालिकांची चळवळ मराठीत जोर धरू लागली आणि अशोक शहाणे यांच्यासारखे संपादक प्रस्थापित मासिकांच्या अभिरुचीला आव्हान देऊ लागले. ही चळवळ केवळ आशयाची नव्हती. कागद कोणता, छपाई कशी, मुखपृष्ठावर काय आणि प्रतीची किंमत किती, हे प्रश्न लेखक स्वतः सोडवत होते. १९७६ मध्ये आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा, गीव्ह पटेल आणि कोलटकर या चार कवींनी मिळून ‘क्लिअरिंग हाउस’ ही प्रकाशन सहकारी संस्था उभी केली. तिच्या पुस्तकांच्या दृश्यरूपाची बाजू कोलटकरांनी सांभाळली. मराठीत शहाणे यांच्या ‘प्रास प्रकाशन’ने त्यांची पुस्तके काढली. कवी, मांडणीकार आणि प्रकाशक यांच्यातील अंतर येथे जवळजवळ नाहीसे झालेले दिसते.

पानाची जागा आणि शब्दांची काटकसर

‘क्लिअरिंग हाउस’ने काढलेल्या पहिल्या पुस्तकांपैकी एक म्हणजे कोलटकरांचे ‘जेजुरी’. त्याला १९७७ चे राष्ट्रकुल काव्यपारितोषिक मिळाले. या संग्रहाची चर्चा बहुधा श्रद्धा आणि अश्रद्धा या द्वंद्वाच्या अंगाने होते. तथापि, त्यातील पाहण्याची पद्धतही तितकीच लक्षणीय आहे. मोडके दार, कोरडा पाण्याचा नळ, डोंगराच्या कपारी, म्हातारी, रेल्वे स्थानकावरील घड्याळ अशा एकेका वस्तूवर वा व्यक्तीवर नजर स्थिर केली जाते आणि तिच्याभोवतीचा पाल्हाळ काढून टाकला जातो. छापील जाहिरातीत एक चित्र आणि मोजके शब्द यांनी वाचकाला क्षणभर थांबवायचे असते. अनावश्यक शब्द तेथे परवडत नाही. ‘जेजुरी’तील छोट्या ओळी आणि कोरडा, विनोदाकडे झुकणारा स्वर यांत ही काटकसर स्पष्ट दिसते.

पानाच्या जागेचा उपयोग हा याच्या पुढचा टप्पा होय. जेजुरी आणि रेल्वे स्थानक यांच्या मधल्या वाटेवर शेतात नाचणारे कोंबडे व कोंबड्या पाहिल्याचा प्रसंग सांगताना कवीने शब्दच पानावर वरखाली उडवले आहेत. तेथे वर्णन थांबते आणि मांडणी बोलू लागते. फ्रेंच कवी अपोलिनेर यांनी १९१८ च्या ‘कॅलिग्राम’ या संग्रहात शब्दांची चित्रे केली होती. रशियात कवी मायकोव्हस्की आणि कलावंत रोदचेन्को यांनी १९२३ पासून सरकारी दुकानांच्या जाहिराती एकत्रितपणे तयार केल्या होत्या. मुद्रणतंत्र आणि कविता यांची ही सोयरीक म्हणजे केवळ पाश्चात्त्य फॅशनचे अनुकरण नव्हे. जो कवी दररोज मजकूर आणि मोकळी जागा यांचे प्रमाण ठरवत होता, त्याच्या हाताला ती सवयीनेच लागलेली होती.

काळा घोडा : रस्त्याचे निरीक्षण

शहरी दैनंदिनतेचे सर्वांत समृद्ध रूप ‘काळा घोडा पोएम्स’ या २००४ च्या संग्रहात आढळते. दक्षिण मुंबईतील या चौकाला ज्या पुतळ्यामुळे नाव मिळाले, तो सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १८७९ मध्ये उभारला गेला आणि १९६५ मध्ये तेथून हलवून भायखळ्याच्या उद्यानात ठेवण्यात आला. म्हणजे कोलटकरांनी ज्या चौकावर कविता लिहिल्या तेथे घोडा नव्हताच. राहिले होते ते नाव, वाहनतळ आणि रस्त्यावरची माणसे. २०१७ मध्ये तेथे स्वाराविना घोड्याचा नवा पुतळा बसविण्यात आला, परंतु तोपर्यंत कोलटकरांचा काळ संपला होता. या चौकातील ‘वेसाइड इन’ या उपाहारगृहाच्या खिडकीशी ते अनेक वर्षे नियमितपणे बसत असत.

संग्रहाच्या आरंभीच एक भटका कुत्रा येतो. त्याच्या अंगावरील काळे डाग कवीला जुन्या नकाशातील मुंबईच्या सात बेटांसारखे दिसतात. ही कल्पना चित्रकाराच्या डोळ्याची आहे. पण ती तेथेच संपत नाही. कुत्र्याच्या देहावर शहराचा भूगोल आणि त्याच्या वंशावळीत वसाहतकाळाचा इतिहास वाचला जातो. अन्यत्र रस्त्यावर इडली विकणारी बाई आणि तिच्याभोवती जमणारी भुकेली माणसे येतात. त्याच वेळी जगातील इतर शहरांत काय न्याहारी चालली असेल याचा फेरफटकाही होतो. जुना सायकलचा टायर, बटाट्याची सालपटे, कचरा तुडवणारी सफाई कामगार स्त्री, उवा, कावळा ही या संग्रहाची पात्रे होत.

येथेच जाहिरात आणि कविता यांच्यातील मूलभूत फरक समोर येतो. दोन्ही ठिकाणी एखादी वस्तू उचलून तिच्यावर प्रकाश टाकला जातो. जाहिरात मात्र जी वस्तू विकायची आहे तिलाच उजळते आणि पाहणाऱ्याच्या मनात उणिवेची जाणीव निर्माण करते. कोलटकरांनी तोच प्रकाशझोत वळवून, ज्यांना बाजारात काहीही किंमत उरलेली नाही अशा वस्तूंवर आणि माणसांवर धरला. टाकून दिलेला टायर कोणी विकत घेणार नाही. पदपथावरच्या कुटुंबाला कोणी ग्राहक मानणार नाही. व्यवसायाने दिलेले कौशल्य व्यवसायाच्या मूल्यांविरुद्ध वापरण्याचे हे उदाहरण आहे. म्हणूनच त्यांच्या कवितेला जाहिरातीचा विस्तार म्हणता येत नाही. तिला त्या कौशल्याचे नैतिक रूपांतर म्हणणे अधिक योग्य ठरेल.

२००३ मधील ‘भिजकी वही’ हा मराठी संग्रह या दृष्टीने आणखी गंभीर आहे. वेगवेगळ्या संस्कृतींतील स्त्रियांचे अश्रू हा त्याचा विषय होय. इसिस, कॅसांड्रा, हायपेशिया, लैला यांच्याबरोबरच १९७२ मधील व्हिएतनाम युद्धाच्या एका छायाचित्रामुळे जगाला माहीत झालेली किम ही मुलगीही त्यात येते. लाखो प्रतींत छापले गेलेले छायाचित्र पाहणाऱ्याला हेलावते की कालांतराने बधिर करते, हा प्रश्न प्रतिमांच्या व्यवसायात आयुष्य घालविलेल्या कवीला टाळता येण्यासारखा नव्हता. या संग्रहाला २००५ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मरणोत्तर जाहीर झाला. कोलटकरांचे निधन २५ सप्टेंबर २००४ रोजी पुण्यात झाले होते.

मर्यादा आणि परंपरेचा संदर्भ

कोलटकरांची सर्व कविता जाहिरात व्यवसायातून निर्माण झाली, असे प्रतिपादन करणे अर्थातच एकांगी ठरेल. याच व्यवसायात शेकडो माणसे होती आणि त्या सर्वांनी कविता लिहिली नाही. त्यांनी अर्जुन शेजवळ यांच्याकडे पखवाजाचे शिक्षण घेतले होते, ‘चिरीमिरी’च्या केंद्रस्थानी बळवंतबुवा हे भजनी वृत्तीचे व्यक्तिमत्त्व आहे आणि तुकाराम, नामदेव, जनाबाई व मुक्ताबाई यांच्या रचनांचे त्यांनी इंग्रजीत अनुवाद केले. शहराचा अनुभवही त्यांच्या आधी बा. सी. मर्ढेकरांनी १९४७ च्या ‘काही कविता’मधून आणि नंतर नामदेव ढसाळांनी १९७२ च्या ‘गोलपिठा’तून आपापल्या रीतीने मराठीत आणला होता.

संतकाव्याचा हा धागा अहमदनगर, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगर जिल्ह्यापर्यंत येऊन पोहोचतो. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० साली नेवासे येथे ज्ञानेश्वरांनी भगवद्गीतेवरील आपले भाष्य सिद्ध केले. ज्या खांबाला टेकून त्यांनी ते सांगितले असे मानले जाते, तो पैस खांब आजही तेथे आहे. तत्त्वज्ञान सांगण्यासाठी त्यांनी शेत, स्वयंपाकघर, सोनार, दिवा, वाटसरू अशी नित्याच्या व्यवहारातील दृष्टांतांची रास मांडली. रोजच्या वापरातील वस्तूला अर्थाचे ओझे वाहायला लावणे ही मराठी कवितेची जन्मजात रीत आहे, असेच यावरून दिसते. कोलटकरांनी मुंबईच्या चौकात केले ते या रीतीचे विसाव्या शतकातील रूप म्हणता येईल. दृष्टांताची जागा येथे दृश्याने घेतली आणि निरूपणाची जागा मांडणीने.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. एक, उपजीविकेचा व्यवसाय हा साहित्यनिर्मितीच्या इतिहासाचा अंतर्गत घटक असू शकतो. त्याला केवळ चरित्राच्या तळटीपेत ठेवणे योग्य नाही. दोन, कोलटकरांच्या कवितेतील नेमकेपणा, पानाच्या जागेचे भान आणि वस्तूकेंद्री दृष्टी यांचे नाते उपयोजित कलेच्या शिस्तीशी जोडता येते. तीन, या शिस्तीचा उपयोग त्यांनी बाजाराने नाकारलेल्या जगाला दृश्यमान करण्यासाठी केला आणि त्यातच त्यांच्या कवितेचे नैतिक सामर्थ्य आहे.

महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीने याचा एक व्यवहार्य अर्थ निघतो. साहित्य, चित्रकला, मुद्रण आणि वाणिज्य यांचे अभ्यासक्रम परस्परांपासून तोडून शिकवले जातात. प्रत्यक्षात शहराच्या एकाच रस्त्यावर ते एकत्र नांदत असतात. नगरच्या कापड बाजारातील अथवा माळीवाड्याजवळील दुकानांच्या पाट्या, हाताने रंगविलेल्या फलकांची जागा घेणारे छापील फ्लेक्स, नाटकांच्या जुन्या जाहिराती आणि स्थानिक छापखान्यांतून निघालेली अनियतकालिके ही सांस्कृतिक इतिहासाची साधने आहेत. ती टिकाऊ कागदावर नोंदलेली नसल्यामुळे वेगाने नष्ट होतात. त्यांची नोंद ठेवण्याचे काम स्थानिक महाविद्यालयांनी अंगावर घेतले, तर पुढील अभ्यासकाला आपल्या परिसरातील कवी आणि कलावंत कोणत्या रस्त्यावर, काय पाहत मोठे झाले, हे सांगता येईल.