एमडेन, समुद्राखालच्या तारा आणि परदेशातला स्वस्त सर्व्हर



आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, कर्नलसाहेब लढाया सोडून हे कुठं वळले? कारण सांगतो. तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे वडिलांची पत्रं, आजोबांचे फोटो, गावच्या कुलवृत्तान्ताची पानं, जुन्या सैनिकांच्या आठवणींचं रेकॉर्डिंग आहे. हे सगळं आता संगणकात जातं आणि संगणक अपुरा पडतो. मग कोणी तरी सुचवतं की युरोपातल्या एखाद्या स्वस्त कंपनीकडून अख्खा सर्व्हर भाड्यानं घ्या, महिन्याला काही हजार रुपयांत काम होतं. तुम्ही मला पत्रं लिहून विचारलंत की हे करावं का. मी सिग्नल्समध्ये नोकरी केली, म्हणून हा प्रश्न मला परका नाही. आणि मी राहतो त्या चेन्नई शहराकडे याचं उत्तर दीडशे वर्षांपासून आहे.

आधी वस्तू समजून घेऊ. साधं होस्टिंग म्हणजे चाळीतली खोली. नळ, जिना, संडास सगळं सामाईक. त्याच्या वर व्हीपीएस येतो, तो फ्लॅटसारखा. दार आपलं, पण इमारत सगळ्यांची. डेडिकेटेड सर्व्हर म्हणजे स्वतंत्र बंगला भाड्यानं घेणं. प्रोसेसर, मेमरी, डिस्क, सगळं एकट्या तुमच्यासाठी. मात्र स्वस्त कंपनीच्या बंगल्यात माळी नाही, वॉचमन नाही, झाडूपोछा नाही. भिंत पडली तर मालक भिंत बांधून देतो. आत ठेवलेलं सामान तुमचं, त्याची जबाबदारी तुमची. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट त्याच्याभोवती फिरते.

हे भाड्याचं यंत्र परदेशात का जाऊन बसलं, याचा इतिहास तारेपासून सुरू होतो. १८७० मध्ये ब्रिटनपासून मुंबईपर्यंत समुद्राखालून तारायंत्राची केबल पोचली. त्याच वर्षअखेरीस मद्रासहून पेनांग आणि सिंगापूरकडे केबल टाकली गेली आणि १८७१ च्या सुरुवातीला ती चालू झाली. पुढे १८७२ मध्ये ती साखळी ऑस्ट्रेलियापर्यंत गेली. म्हणजे लंडनहून निघालेला संदेश मुंबईला उतरायचा, जमिनीवरून देश ओलांडून मद्रासला यायचा आणि इथून पुन्हा समुद्रात शिरायचा. या केबल खासगी ब्रिटिश कंपन्यांच्या होत्या. दर त्यांचा, नियम त्यांचे. मद्रासच्या व्यापाऱ्यानं शब्दागणिक पैसे भरायचे आणि संदेश पोचेल असा भरवसा ठेवायचा.

हा भरवसा किती कच्चा असतो, हे १९१४ मध्ये कळलं. महायुद्ध पेटताच, ५ ऑगस्टच्या पहाटे, ब्रिटनच्या एका केबल जहाजानं इंग्लिश खाडीतल्या जर्मनीच्या केबल तोडल्या. युद्ध सुरू होऊन काही तास झाले होते. तोफा अजून जागेवर पोचायच्या होत्या, तेवढ्यात जर्मनीचा जगाशी तारेनं असलेला संबंध जवळजवळ संपला. ज्याच्या हातात तार, त्याच्या हातात खबर.

जर्मनांनाही हे समजत होतं. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री त्यांची एमडेन ही क्रूझर मद्राससमोर आली. कप्तान कार्ल फॉन म्युलर. बंदराचे दिवे नेहमीसारखे लागलेले होते. अर्ध्या तासाच्या आत सव्वाशेच्या आसपास तोफगोळे पडले आणि बर्मा ऑइल कंपनीच्या तेलाच्या टाक्या पेटल्या. हायकोर्टाच्या आवारात त्याची आठवण सांगणारी पाटी आजही आहे. तमिळमध्ये 'एमडन' हा शब्दच होऊन बसला, धूर्त आणि धाडसी माणसासाठी. इथं ही गोष्ट बहुतेकांना माहीत असते. पुढची गोष्ट कमी जणांना माहीत असते, आणि आपल्या कामाची तीच आहे.

९ नोव्हेंबर १९१४ ला एमडेन हिंदी महासागरातल्या कोकोस बेटांवर गेली. डिरेक्शन आयलंड या चिमुकल्या बेटावर ऑस्ट्रेलिया, आफ्रिका आणि जावा अशा तीन दिशांच्या केबल एकत्र येत होत्या. एमडेननं लेफ्टनंट फॉन म्यूके याच्या हाताखाली तुकडी उतरवली. त्यांनी बिनतारी यंत्राचा खांब पाडला, उपकरणं फोडली, केबल तोडली. कागदावर कामगिरी फत्ते. पण केंद्रातल्या कर्मचाऱ्यांनी दोन गोष्टी केल्या होत्या. परकं जहाज दिसताच त्यांनी बिनतारी यंत्रानं मदतीची हाक दिली. ती ऐकून ऑस्ट्रेलियाची सिडनी ही युद्धनौका आली आणि एमडेनचा शेवट झाला. दुसरी गोष्ट, असा दिवस येणार हे धरून त्यांनी राखीव उपकरणं आधीच दडवून ठेवली होती. शत्रू गेल्यावर ती बाहेर निघाली आणि केंद्र लवकरच पुन्हा बोलू लागलं.

मंडळी, ते बेट कर्मचाऱ्यांचं नव्हतं. केबल कंपनीची होती. नोकरी करणाऱ्यांच्या हातात होतं ते एवढंच, की दुसरा संच वेगळ्या जागी ठेवायचा. तो त्यांनी ठेवला.

आता ऐंशी वर्षं पुढं येऊ. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या शहरांपासून. पहिली काही वर्षं मक्तेदारी सरकारी होती. खासगी कंपन्यांना परवानगी १९९८ मध्ये मिळाली. देशाबाहेर जाणारी वाट अरुंद आणि महाग होती. त्याहून गमतीची गोष्ट म्हणजे देशातल्या देशातही वाट नव्हती. एका कंपनीचा ग्राहक दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला ईमेल पाठवी, दोघंही भारतात, पण मजकूर पुष्कळदा परदेशात फिरून परत येई. सदाशिव पेठेतून कोथरूडला जायला अमेरिकेवरून जाण्यातला प्रकार. हे थांबावं म्हणून २००३ मध्ये निक्सी ही संस्था निघाली आणि देशातल्या कंपन्यांची देवाणघेवाण देशातच होऊ लागली. तिच्या सुरुवातीच्या केंद्रांत चेन्नई होतं.

अशा काळात ज्याला संकेतस्थळ काढायचं असे, तो यंत्र परदेशातच ठेवी. 'मायबोली'सारखं मराठी संकेतस्थळ १९९६ मध्ये अमेरिकेतल्या मराठी माणसांनी सुरू केलं, हा योगायोग नव्हता. वाचक मराठी, मजकूर मराठी, पण वीज, जोडणी आणि यंत्र जिथं सहज मिळत होतं तिथंच ते उभं राहिलं.

मग समुद्राखालच्या वाटा रुंदावल्या. चेन्नई ते सिंगापूर ही आय-टू-आय केबल २००२ मध्ये आली, लांबी सुमारे ३,२०० किलोमीटर. दोन वर्षांनी त्याच मार्गावर टाटांची केबल आली. २००५ मध्ये युरोपपर्यंत जाणारी सी-मी-वी-४ मुंबई आणि चेन्नई या दोन्ही ठिकाणी उतरली. १८७१ मध्ये मद्रासहून तार ज्या दिशेनं गेली, त्याच दिशेनं आता प्रकाश धावू लागला.

त्याच सुमारास युरोपात स्वस्त सर्व्हरचा धंदा वाढला. जर्मनीत मार्टिन हेट्झनर यांनी १९९७ मध्ये, तर फ्रान्समध्ये ऑक्टाव्ह क्लाबा यांनी १९९९ मध्ये आपापल्या कंपन्या काढल्या. क्लाबांची ओव्हीएच रूबे या जुन्या कापडगिरण्यांच्या गावात आहे. आपल्या गिरणगावात मॉल आले, तिथं सर्व्हर आले असं समजा. जर्मनीत वीज काही स्वस्त नाही, तरी भाडं कमी का? थंड हवेमुळे यंत्रं गार ठेवायला कमी खर्च येतो. यंत्रांची जुळणी कंपनी स्वतः करते. पहिल्या गिऱ्हाईकानं सोडलेली जुनी यंत्रं कमी भाड्यानं दुसऱ्याला दिली जातात. माहितीच्या वाहतुकीचा मोठा वाटा भाड्यातच धरलेला असतो. आणि सर्वांत महत्त्वाचं, तुमच्या अडचणीला उत्तर देणारी माणसं कमी ठेवलेली असतात. स्वस्ताई तिथून येते. यात फसवणूक काही नाही, करारात तसं लिहिलेलं असतं. आपण ते वाचत नाही.

आता तोटे बघा. पहिला तोटा अंतराचा. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. सिंगापूरला जाऊन यायला ६,४०० किलोमीटर, म्हणजे सुमारे ३२ मिलिसेकंद. जर्मनी सरळ रेषेत साडेसात हजार किलोमीटरच्या आसपास, केबलनं त्याहून लांब. तिथली फेरी चौपट-पाचपट वेळ घेते. फोटो आणि रेकॉर्डिंग साठवायला हे चालतं, पण खिडकीवर रांग लावून तिकिटं विकायची असतील तर चालत नाही.

दुसरा तोटा वाटेचा. ३० जानेवारी २००८ ला इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाजवळ दोन केबल तुटल्या आणि भारताची परदेशी जोडणी मोठ्या प्रमाणात ठप्प झाली. तुमचा सर्व्हर धडधाकट, तुम्ही धडधाकट, मधला पूल वाहून गेलेला.

तिसरा तोटा जागेचा. १० मार्च २०२१ च्या रात्री पाऊणच्या सुमारास स्ट्रासबूर्गमध्ये ओव्हीएचच्या पाच मजली इमारतीला आग लागली. जीवितहानी झाली नाही, पण इमारत गेली आणि लक्षावधी संकेतस्थळं बंद पडली. ज्यांची राखीव प्रत दुसऱ्या गावी होती, ते काही दिवसांत उभे राहिले. ज्यांची प्रत त्याच आवारात होती, त्यांच्यातले काही पुढं कोर्टात गेले. नुकसानभरपाई मिळू शकते, मजकूर मिळत नाही.

चौथा तोटा पैशाच्या वाटेचा आहे आणि तो मी जवळून पाहिला. इथल्या काही माजी सैनिकांनी १९७१ च्या लढाईतल्या जवानांच्या आठवणी रेकॉर्ड करून एका परदेशी सर्व्हरवर ठेवल्या होत्या. भाडं कार्डातून आपोआप जाई. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचा नवा नियम लागू झाला आणि परदेशी कंपन्यांना आपोआप जाणारी अनेकांची देणी अडकली. यांचंही अडकलं. कंपनीनं सूचना पाठवल्या, पण त्या गटाच्या चिटणिसांच्या ईमेलवर, आणि चिटणीस त्याआधीच्या उन्हाळ्यात कोरोनानं गेले होते. मुदत संपली, डिस्क पुसून यंत्र पुढच्या गिऱ्हाईकाला गेलं. काही आवाज एका सुभेदारांच्या मुलीच्या पेनड्राइव्हवर सापडले. बाकीचे गेले, आणि त्यातले बरेच बोलणारेही आता नाहीत.

म्हणून सगळं घरीच ठेवावं का? चेन्नईकर तसं म्हणणार नाही. डिसेंबर २०१५ च्या पुरात तळमजल्यावरचे संगणक, अल्बम, कागदपत्रं अड्यार नदीच्या पाण्यात गेली. १८७८ पासून निघणारं 'द हिंदू' २ डिसेंबरला चेन्नईत छापलं गेलं नाही, कारण माणसं छापखान्यापर्यंत पोचू शकली नाहीत. घरही एक जागाच आहे, आणि एका जागेवर एक संकट पुरतं.

तर माझं उत्तर असं. परदेशातला स्वस्त सर्व्हर जरूर घ्या, पण त्याला चौकी समजा, कोठार समजू नका. चौकी पडू शकते. मूळ प्रत घरी, दुसरी सर्व्हरवर, तिसरी दुसऱ्या शहरातल्या नातेवाइकाच्या कपाटात, साध्या हार्ड डिस्कवर. सर्व्हरमध्ये दोन डिस्क जोडीनं चालतात म्हणून त्याला राखीव प्रत समजू नका; आग दोन्ही डिस्कना एकदमच लागते. संकेतस्थळाचं नाव सर्व्हरच्या कंपनीकडे नोंदवू नका, वेगळीकडे नोंदवा, म्हणजे घर बदललं तरी पत्ता तुमचाच राहील. बिलाचं ईमेल एका माणसाचं नको, दोघांना उघडता येईल असं ठेवा आणि त्यातला एक तरुण असू द्या. भाड्याचा हिशेब करताना १८ टक्के जीएसटी आणि कार्डाचं परकीय चलनाचं शुल्क धरा. वर्षातून एकदा राखीव प्रतीतून चार फायली खरोखर उघडून बघा. पलटणीत दारूगोळ्याची मोजणी कागदावर होत नाही, कोठाराचं कुलूप उघडून होते.

आमच्या सिग्नल्स कोअरचं ब्रीद आहे 'तीव्र चौकस'. यातला वेग भाड्यानं मिळतो. चौकसपणा घरचाच लागतो.

या आठवड्यात एक काम करा. घरात ज्या आवाजाची किंवा ज्या पत्राची एकच प्रत असेल, ती शोधा आणि रविवारच्या आत तिची दुसरी प्रत गावाबाहेर पाठवा. सर्व्हरचं नंतर बघू.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद, जय महाराष्ट्र.