फी कोणी भरली?

आपल्या शाळेच्या कार्यालयाबाहेर एक लाकडी फलक आहे. सैन्यात गेलेल्या माजी विद्यार्थ्यांची नावं त्यावर पिवळ्या रंगात लिहिलेली आहेत. दहा वर्षं आपण त्याच्या समोरून गेलो, पण मी तरी तो नीट वाचल्याचं आठवत नाही. स्मरणिका समितीनं 'फलकावरच्या नावांवर काहीतरी लिही' म्हणून मला सांगितलं, तेव्हा मी त्याचा फोटो मागवला आणि सवयीप्रमाणे सगळी नावं एक्सेल शीटमध्ये घातली. नाव, वर्ष, हुद्दा असे रकाने केले. शिपाई, नाईक, हवालदार, सुभेदार अशी रांग लागली. अधिकारी मात्र एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघाले. मुलगी एकही नाही.

शौर्यावर लिहिणारे आपल्या बॅचमध्ये माझ्यापेक्षा चांगले आहेत. मला त्या शीटकडे बघून एकच प्रश्न पडला, आणि तो जरा कंजूष वाटेल. अधिकारी व्हायचं तर आधी शिकावं लागतं, मग त्या शिक्षणाची फी कोणी भरायची?

इंग्रजांच्या काळात याचं उत्तर सरळ होतं. बापानं. पहिल्या महायुद्धापर्यंत हिंदी माणसाला इंग्रज अधिकाऱ्याच्या बरोबरीचं 'किंग्ज कमिशन' जवळजवळ मिळतच नसे. युद्धानंतर विलायतेतल्या सँडहर्स्टच्या कॉलेजात वर्षाला दहा जागा हिंदी मुलांसाठी ठेवल्या गेल्या. मुलाला बोटीनं इंग्लंडला पाठवायचं, तिथली फी आणि राहणं सोसायचं, आणि त्याआधी इंग्रजी शाळेत घालायचं. म्हणजे संस्थानिकांचे आप्त, जमीनदार, वरच्या हुद्द्यावरचे सरकारी नोकर एवढ्यांचाच तो खेळ. कोल्हापूरकडचे शंकरराव थोरात, पुढे लेफ्टनंट जनरल झालेले, १९२६ साली सँडहर्स्टहून अधिकारी झाले. आपल्या भागातून असा माणूस त्या काळात जाणं ही नवलाईच होती. मुलांची तयारी व्हावी म्हणून १९२२ मध्ये डेहराडूनला एक लष्करी शाळा निघाली, तीही फी भरूनच.

मग हिंदुस्थानातच सँडहर्स्ट काढा ही मागणी आली. १९२५ साली नेमलेल्या स्कीन समितीत मोतीलाल नेहरू आणि जीना दोघेही होते; मोतीलालजी पुढे बाहेर पडले. नागपूरचे डॉ. मुंजे गोलमेज परिषदेत याच विषयावर भांडले, आणि १९३७ मध्ये त्यांनी नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल उभं केलं. डेहराडूनची इंडियन मिलिटरी अकॅडमी १९३२ मध्ये सुरू झाली. पहिल्या तुकडीत चाळीस कॅडेट होते, त्यांतले एक सॅम माणेकशा. चाळीस जागांची वाटणी बघण्यासारखी आहे: पंधरा खुल्या परीक्षेतून, पंधरा सैन्यातल्याच जवानांमधून आणि दहा संस्थानांच्या फौजांमधून. खुल्या परीक्षेतून आलेल्यांच्या पालकांना फी होतीच. बोटीचं भाडं वाचलं, एवढाच फरक.

आता आपल्याकडे बघा. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंग्याला लोक 'मिलिटरी अपशिंगे' म्हणतात. पहिल्या महायुद्धात पडलेल्या तिथल्या माणसांचं स्मारक गावात आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या घराघरातून माणूस फौजेत गेलेला आहे. अशी गावं या पट्ट्यात कमी नाहीत. पण सुभेदाराचा मुलगा पुन्हा शिपाई म्हणूनच भरती व्हायचा, कारण मधल्या पायऱ्या विकत घ्यायला पैसा लागायचा.

ती पायरी सरकारनं बांधायला घेतली ती शाळेपासून. २३ जून १९६१ रोजी साताऱ्यात देशातलं पहिलं सैनिक स्कूल सुरू झालं. संरक्षणमंत्री होते कृष्ण मेनन आणि राज्याचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण, जे पुढच्याच वर्षी मेनन यांच्या जागी गेले. या शाळेचा उद्देशच एनडीएसाठी मुलं तयार करण्याचा, आणि पालकांच्या उत्पन्नाप्रमाणे राज्य सरकारची शिष्यवृत्ती. शेतकऱ्याच्या आणि शिपायाच्या मुलाला पब्लिक स्कूलसारखं शिक्षण देण्याची ही पहिली गंभीर खटपट म्हणायला हरकत नाही.

खडकवासल्याची एनडीए आपण सगळ्यांनी सहलीच्या बसमधून लांबून पाहिली आहे. तिच्या मुख्य इमारतीचं नाव 'सुदान ब्लॉक' का, हे मात्र आपल्याला कोणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेच्या लढाईत हिंदी सैनिकांनी सुदानसाठी रक्त सांडलं, म्हणून तिथल्या सरकारनं एक लाख पौंड भेट दिले. फाळणीनंतर त्यातले सत्तर हजार भारताच्या वाट्याला आले आणि ते या इमारतीत गेले. अकॅडमीची कोनशिला नेहरूंच्या हस्ते ६ ऑक्टोबर १९४९ ला बसली, आणि अकॅडमीचं उद्घाटन १६ जानेवारी १९५५ ला मोरारजी देसाईंनी केलं. म्हणजे आपल्या अधिकाऱ्यांच्या शिक्षणाला लागलेल्या सुरुवातीच्या मोठ्या देणग्यांपैकी एक चक्क परदेशी होती.

एनडीएत राहणं, जेवण, पुस्तकं, गणवेश, औषधपाणी सगळं सरकारी खर्चानं होतं, आणि तीन वर्षांच्या शेवटी जेएनयूची पदवी मिळते. पालकांवर राहतो तो मुलाचा हातखर्च. तोही झेपत नसेल तर सरकार मदत करतं. अलीकडच्या नियमात त्यासाठी पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा महिना २१,००० रुपये दिलेली आहे. अर्ज करायचा तो जिल्हाधिकाऱ्यांमार्फत, त्यांच्या शिफारशीसह.

एनडीएच्या परीक्षेची यूपीएससीची जाहिरात मी या निमित्तानं पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचली. (माझ्या व्यवसायात कागदपत्रं शेवटपर्यंत वाचणारी माणसं दुर्मीळ असतात, आणि सगळा घोळ शेवटच्या पानांवरच असतो.) परिशिष्टात शिष्यवृत्त्यांची यादी आहे. तिच्यात सगळा देश भेटतो. परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या नावानं एक शिष्यवृत्ती. कर्नल केंडल फ्रँक यांच्या स्मरणार्थ एक, ती फक्त मराठा कॅडेटला आणि तोही माजी सैनिकाचा मुलगा असेल तरच. कौर सिंग यांच्या नावानं दोन, बिहारमधून सर्वांत वर आलेल्या मुलांना. महिना ३७ रुपये! आसाम सरकारच्या दोन, महिना ३० रुपये. केरळची वर्षाला ४८० रुपये. या रकमा विसाव्या शतकातल्या नाहीत हो, म्हणजे ठरल्या तेव्हाच, पण एकविसाव्या शतकातल्या जाहिरातींतही त्या तशाच छापून येत राहिल्या. ज्या कोणी बिहारच्या मुलासाठी ३७ रुपये ठरवले, त्यानं तेव्हाच्या महिन्याच्या खर्चाचा नीट हिशोब केला असणार. ३५ नाही, ४० नाही, ३७. त्या आकड्यामागे घर कसं चालतं हे ठाऊक असलेला माणूस दिसतो. नंतर मात्र त्या ओळीला कोणी हात लावला नाही. आमच्याकडे याला 'हार्डकोड केलेली किंमत' म्हणतात: एकदा कोणीतरी लिहिली, चालतेय म्हणून राहिली.

आता आपल्या बॅचची गोष्ट. मागून दुसऱ्या बाकावर बसणारा, भूगोलाच्या तासाला नकाशे काढून देणारा आपला मित्र एनडीएत गेला हे सर्वांना माहीत आहे. 'नाव लिहिलंस तर गेट-टुगेदरला येणार नाही' असं त्यानं बजावलंय, म्हणून लिहीत नाही. त्याचे वडील एसटीत कंडक्टर होते. दहावीनंतर तो औरंगाबादला गेला, एवढंच तेव्हा आपल्याला कळलं होतं. तिथे महाराष्ट्र सरकारनं १९७७ मध्ये काढलेली सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था आहे, जिला सगळे एसपीआय म्हणतात. महाराष्ट्रातून जवान भरपूर जातात आणि अधिकारी फार थोडे, हे बघूनच राज्यानं ती काढली. अकरावी-बारावी तिथे राहून करायची आणि सोबत एनडीएची लेखी परीक्षा व मुलाखतीची तयारी.

या लेखासाठी मी त्याच्याशी फोनवर दोन तास बोलले. तो म्हणाला, "पहिले तीन महिने मला इंग्रजीत 'यस सर' सोडून काही येत नव्हतं. एसपीआय नसती तर मी आज वडिलांच्या डेपोत असतो, आणि त्यात वाईट काही नाही, पण नसतोच इथे." एनडीएत दाखल होताना हातखर्चाचे पाच महिन्यांचे पैसे आणि इतर काही रक्कम आगाऊ भरावी लागते. ती वडिलांनी सोसायटीतून कर्ज काढून भरली. आपल्या सरांपैकी एकांनीही हातभार लावला होता. ते सर या संमेलनाला येणार आहेत आणि त्यांनाही नाव नको आहे. काय ही आपली शाळा!

आणखी एक कागद होता, ज्याबद्दल तो आजवर कोणाशी बोलला नव्हता. प्रवेशाआधी पालकांना बंधपत्र लिहून द्यावं लागतं. मुलानं स्वतःच्या मर्जीनं प्रशिक्षण सोडलं किंवा शेवटी कमिशन नाकारलं, तर सरकारचा खर्च भरून द्यायचा. शिवाय प्रशिक्षणात इजा झाली तर नुकसानभरपाई मागणार नाही, हेही मान्य करायचं. वडील रात्रभर झोपले नव्हते. त्यांच्या आयुष्यातला तो सर्वांत मोठा करार, आणि त्यांना त्यातली एक ओळही वाचता येत नव्हती. मुलानं वाचून दाखवली आणि इजेची ओळ गाळली. "मी सतरा वर्षांचा होतो. दुसरं काय करणार?" तो म्हणाला.

ती गाळलेली ओळ पोकळ नव्हती. प्रशिक्षणात कायमचं अपंगत्व येऊन घरी परतलेल्या कॅडेटांना माजी सैनिकाचा दर्जा मिळत नाही, कारण ते अजून सैन्यात 'लागलेले'च नसतात. एकरकमी आणि मासिक मदत मिळते, पण निवृत्तिवेतन नाही. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. फुकट शिक्षणाची ही बाजू आपल्या फलकावर येत नाही.

राहिलं माझं. दहावीत असताना मीही त्याच्याबरोबर माहितीपत्रक बघायला स्टाफरूममध्ये गेले होते. गणितात मी त्याच्या पुढे होते, धावण्यात मागे नव्हते. पात्रतेच्या पहिल्याच ओळीत 'अविवाहित पुरुष' असं होतं. सरांनी कागद माझ्या हातातून हळूच काढून घेतला आणि म्हणाले, "तू इंजिनिअर हो." वाईट बोलले नाहीत, आणि झालेही मी.

मुलींना सैन्यात जाता येत नव्हतं असं नाही. १९९२ मध्ये महिलांसाठी विशेष भरती सुरू झाली आणि १९९३ मध्ये पहिली तुकडी मद्रासच्या अकॅडमीतून बाहेर पडली. पण त्यासाठी आधी पदवी लागायची. फरक इथे आहे, आणि तो मला परवा शीट भरताना पहिल्यांदा नीट दिसला. मुलाला बारावीनंतर उचलून सरकार स्वतःच्या खर्चानं पदवीधर आणि अधिकारी करत होतं. साधारण त्याच सुमारास लष्करानं बारावी सायन्सच्या मुलांना घेऊन इंजिनिअर करायची योजनाही काढली, ज्यात पुण्याजवळच्या दापोडीचं सीएमई आहे, तीही मुलांपुरतीच. मुलीनं मात्र पदवीचा खर्च घरून करायचा आणि मग पाच वर्षांच्या नोकरीसाठी यायचं. ती मुदत पुढे वाढत गेली, पण सुरुवात तशी होती. ज्या घरात मुलीच्या कॉलेजचा खर्चच वादाचा विषय असतो, तिथे ही वाट उघडी आहे म्हणणं म्हणजे सँडहर्स्टच्या बोटीचं तिकीट दाखवण्यासारखंच झालं.

अमेरिकेत कामाला होते तेव्हा शेजारच्या टेबलावरची सहकारी माजी लष्करी अधिकारी होती. साध्या विद्यापीठात शिकताना तिची सगळी फी लष्करानं भरली, बदल्यात चार वर्षं नोकरी. ही शिष्यवृत्ती तिथे नौदलात १९४६ पासून आणि लष्कर व हवाई दलात १९६४ च्या कायद्यानं आली, आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मुलींनाही खुली झाली. आपल्या एनसीसीत मुलींचा विभाग १९४९ पासून आहे, परेड आपणही केली, पण एनसीसी कॉलेजची फी भरत नाही.

२००२ साली मी पदवीधर झाले तेव्हा कंपन्या माणसं घेत नव्हत्या. महिला अधिकाऱ्यांच्या भरतीची जाहिरात पेपरात आली होती, मी ती कापून ठेवली होती. डोक्यावर शैक्षणिक कर्ज होतं, धाकटा भाऊ बारावीत होता. अर्ज भरला नाही. दोष कोणाला देऊ? हिशोब मीच केला होता.

१८ ऑगस्ट २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं मुलींना एनडीएची परीक्षा देऊ द्या असा अंतरिम आदेश दिला. पुढच्या वर्षी १९ मुली खडकवासल्यात दाखल झाल्या आणि ३० मे २०२५ ला त्यांतल्या १७ जणी तीनशेहून अधिक मुलांबरोबर संचलन करत बाहेर पडल्या. आपला मित्र त्या दिवशी प्रेक्षकांत होता. त्यानं मला व्हिडिओ पाठवला, खाली काहीच लिहिलं नव्हतं. मी तो ऑफिसमध्ये, मीटिंग चालू असताना, आवाज बंद करून पाहिला.

आता नाशिकला मुलींसाठीही राज्य सरकारची एसपीआय सुरू झाली आहे. गेल्या डिसेंबरात शाळेत गेले तेव्हा दहावीतल्या दोघी तिच्याबद्दल विचारत होत्या. एकीच्या वडिलांची टपरी आहे, दुसरीची आई अंगणवाडीत काम करते. अर्ज कसा भरायचा, उत्पन्नाचा दाखला कुठून काढायचा, हे मी लिहून दिलं आहे. प्रवेश मिळाला तर लागणाऱ्या किरकोळ खर्चाचं आपण बॅचतर्फे बघू, असंही बोलून बसले आहे. समितीनं हा विषय संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी, जेवणाआधी घ्यावा. जेवणानंतर कोणी थांबत नाही.

आणि फलकाबद्दल एक विनंती. वरच्या रांगेतल्या तीन नावांपुढचं वर्ष पुसलं गेलं आहे आणि एकाचा हुद्दा लागत नाही. ज्येष्ठ बॅचपैकी कोणाला ठाऊक असेल तर रंगाऱ्याला बोलावण्याआधी कळवावं.