गाडी गेली, पूल राहिला

आपल्या बोरघाटातून आगगाडी धावू लागली ती १८६३ साली. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या डर्बीशायर परगण्यात, मॉन्सल डेल नावाच्या दरीत, वाय नदीवरच्या पाच कमानींच्या दगडी पुलावरून मिडलँड रेल्वेची गाडी जाऊ लागली. हेडस्टोन व्हायाडक्ट हे त्या पुलाचे नाव. त्याची कहाणी मला फार बोलकी वाटते.

जॉन रस्किन हे नाव आपल्याला गांधीजींमुळे ठाऊक आहे. त्याच्या ‘अन्टू धिस लास्ट’ या पुस्तकाचे सार गांधीजींनी १९०८ मध्ये ‘सर्वोदय’ या नावाने गुजरातीत आणले. हाच रस्किन या रेल्वेवर विलक्षण संतापला होता. एवढी रम्य दरी विद्रूप केली आणि मिळवले काय, तर बक्स्टनच्या माणसाला अर्ध्या तासात बेकवेल गाठता येते, अशा आशयाचे बोचरे शब्द त्याने लिहून ठेवले.

शंभर वर्षे गाड्या धावल्या. १९६८ मध्ये हा मार्ग बंद झाला, रूळ उखडले गेले. पूल मात्र तेवढ्यात लोकांच्या डोळ्यांत भरला होता. १९७० मध्ये त्याला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला. ज्याने दरी बिघडवली म्हणून ओरड झाली, तोच आता दरीचे भूषण ठरला!

१९८१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानाने या मार्गावर ‘मॉन्सल ट्रेल’ ही पायवाट खुली केली. बोगदे मात्र बंदच होते; पायी जाणाऱ्यांना त्यांना वळसा घालून चढउतार करावी लागे. २०११ मध्ये दिवे लावून चार बोगदे उघडले आणि साडेआठ मैलांची वाट सलग झाली. चालणारे, सायकलवाले, घोडेस्वार, चाकाच्या खुर्चीवरचे, सगळ्यांना ती सोयीची आहे, कारण आगगाडीला तीव्र चढ चालत नाही.

मग रस्किन चुकला का? मला तसे वाटत नाही. वाचवलेल्या अर्ध्या तासाची किंमत काय, हा त्याचा प्रश्न होता आणि तो संपलेला नाही. या मार्गावर पुन्हा रेल्वे आणावी, रस्त्यांवरचा भार हलका होईल, अशी मागणी होत आली आहे. तसे झाले तर चालणाऱ्यांची वाट जाईल. एकेकाळी पुलापासून दरी वाचवायची होती. आता गाडीपासून पूल वाचवा म्हणणारे आहेत. दोन्ही बाजूंना लोकांचे हितच हवे आहे, म्हणूनच निवाडा अवघड आहे.