क्लोझॅपीन आणि रक्तपरीक्षा : दुधनीच्या संदर्भात एक टिपण

औषधाचा इतिहास लिहिताना शोधाचे व परवान्याचे वर्ष नोंदवून थांबण्याचा प्रघात आहे. छिन्नमानस, म्हणजेच स्किझोफ्रेनिया, या विकाराच्या बाबतीत ही पद्धत अपुरी ठरते, असे प्रस्तुत टिपणात दाखवावयाचे आहे.

या क्षेत्रात भारताचा वाटा प्रारंभापासूनचा आहे. गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी 1931 साली उन्मादावर सर्पगंधेचा उपयोग होतो, असे प्रसिद्ध केले. मुंबईचे रुस्तुम जाल वकील यांनी 1949 मध्ये रक्तदाबावरील तिचा गुण पाश्चात्त्य वैद्यकाच्या निदर्शनास आणला. 1952 मध्ये तिच्यातून रेसर्पीन वेगळे काढण्यात आले. त्याच वर्षी पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझीनचा मनोरुग्णांवर उपयोग सुरू झाला. तथापि दोन औषधे योग्य मात्रेत, पुरेसा काळ देऊनही ज्यांना उतार पडत नाही, असे सुमारे एकतृतीयांश रुग्ण उरतातच.

त्यांच्यासाठी उपयुक्त ठरलेले क्लोझॅपीन स्वित्झर्लंडमधील वांडर कंपनीने 1958 मध्ये तयार केले. 1975 मध्ये फिनलंडमध्ये ते घेणाऱ्या काही रुग्णांच्या रक्तातील श्वेतकोशिका एकाएकी घटल्या व त्यांतील काहीजण दगावले. औषध अनेक ठिकाणी मागे घेण्यात आले. पुढे 1988 मध्ये केन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 268 असाध्य मानलेल्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सहा आठवड्यांत क्लोझॅपीनने 30 टक्के, तर क्लोरप्रोमाझीनने अवघे 4 टक्के रुग्ण सुधारले होते. 1989 मध्ये अमेरिकेने परवानगी दिली, ती मात्र नियमित रक्तपरीक्षेच्या अटीवर.

म्हणजे परत आले ते केवळ औषध नव्हे. औषध आणि प्रयोगशाळा अशी ती जोडी होती. ब्रिटिश प्रघातानुसार पहिले 18 आठवडे दर आठवड्यास रक्त तपासावे लागते. मधेच ताप आला वा घसा दुखू लागला, तर ती तपासणी त्वरित करणे आवश्यक असते.

अक्कलकोट तालुक्यातील दुधनी हे सोलापूर–कलबुर्गी लोहमार्गावरील, कर्नाटकाच्या सीमेलगतचे गाव. अशा गावातील कुटुंबाच्या दृष्टीने 1989 या सालाला फारसा अर्थ नाही. रक्त कोठे मोजले जाते, त्याचा निकाल किती दिवसांनी हाती येतो आणि रुग्णासोबत जाणाऱ्याची किती दिवसांची मजुरी बुडते, यांवर त्यांच्यापुरते हे औषध अस्तित्वात आहे किंवा नाही, हे ठरते. औषधेतिहासाच्या अभ्यासकाने परवान्यांच्या सालांबरोबर तालुक्यांतील प्रयोगशाळांची सालेही जमविली पाहिजेत. त्यांवाचून हा इतिहास राजधान्यांपुरताच राहील.