साखर, डोळा आणि ऑक्सिजनची तहान

गेल्या महिन्यात मावशीला घेऊन पनवेलमध्ये डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. तिचा मधुमेह वीस वर्षांचा. डॉक्टर म्हणाले, "पडद्यावर लेझर मारावं लागेल." मावशी घाबरलीच. "अरे, मला चांगलं दिसतंय की! मग चांगला डोळा जाळायचा कशाला?" मला काही उत्तर देता आलं नाही. म्हणून आजचा हा एपिसोड.

डोळ्याचा पडदा ऑक्सिजनचा मोठा खादाड. मधुमेहात त्याच्या बारीक रक्तवाहिन्या हळूहळू बंद पडतात. १९४८ मध्ये आयझॅक मायकेलसन या डॉक्टरांनी अंदाज बांधला की पडद्यातूनच कसलंतरी द्रव्य सुटत असावं, आणि त्यामुळे नव्या वाहिन्या फुटत असाव्यात. ते द्रव्य सापडायला चाळीसहून जास्त वर्षं गेली. १९९४ मध्ये अमेरिकेत लॉइड आयेलो आणि सहकाऱ्यांना अशा रुग्णांच्या डोळ्यातल्या द्रवात व्हीईजीएफ नावाचं प्रथिन वाढलेलं आढळलं. ऑक्सिजन कमी झाला की हे प्रथिन बनवायचा हुकूम देतो 'एचआयएफ'. पेशी ऑक्सिजन कसा ओळखतात, या शोधासाठी सेमेन्झा, रॅटक्लिफ आणि केलिन यांना २०१९ चं नोबेल मिळालं.

आता आपल्या पनवेलकरांच्या भाषेत. उन्हाळ्यात नळाला पाणी नाही, म्हणून सोसायटीने घाईघाईत कच्चे पाइप टाकले, तर काय होईल? गळतील! नव्या रक्तवाहिन्याही तशाच कच्च्या. त्या फुटतात, डोळ्यात रक्त उतरतं आणि एके सकाळी दिसेनासं होतं. तोपर्यंत दुखत नाही, खुपत नाही.

मग लेझर का? पडद्याच्या कडेचा थोडा भाग जाळला की तिथली ऑक्सिजनची मागणी घटते, हाकाटी थांबते आणि मधली, वाचायची नजर वाचते. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात दिसलं की लेझरने नजर गंभीरपणे जाण्याचा धोका निम्म्याहून कमी होतो. आता व्हीईजीएफला अडवणारी इंजेक्शनंही आहेत.

गंमत बघा, पायाच्या जखमेत उलटं घडतं. साखर वाढलेली असली की एचआयएफ नीट टिकत नाही, नव्या वाहिन्या हव्या तिथेच येत नाहीत आणि जखम भरत नाही.

मावशीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे कडेचं देऊन मधलं राखायचं?" अगदी तेच. तिने लेझर करून घेतलं.

आता तुमचं काम. घरात कुणाला मधुमेह असेल, तर दिसतंय की नाही हे विचारत बसू नका. वर्षातून एकदा पडदा तपासून आणा.