सर्दी १० दिवसांनंतरही जात नाही? सायनसचा त्रास कसा ओळखावा आणि काय उपचार करावेत

मोर्शीत थंडी पडली की दोन गोष्टी सोबतच येतात. बाजारात आंबिया बहाराची संत्री आणि वर्गात शिंकणारी लेकरे. आम्ही शाळेत शिकवतो, म्हणून हे दरवर्षी पाहतो. बहुतेक लेकरे आठवडाभरात बरी होतात. काहींची सर्दी मात्र हटता हटत नाही. घरात कोणी तिला नजला म्हणते, कोणी जुकाम. मग मेडिकलमधून गोळ्यांची अर्धी पट्टी येते आणि दोन दिवसांत विसरलीही जाते.

आमच्याही घरात हेच झाले. मुलीला सर्दी झाली तेव्हा तिसऱ्याच दिवशी आम्ही चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक आणले. दोन दिवस दिले, बरे वाटले म्हणून थांबवले. मग पुन्हा ताप चढला, गाल दुखू लागला. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "सर्दी नेमकी कोणत्या तारखेला सुरू झाली?" आम्ही दोघे आई-बाप एकमेकांकडे पाहत राहिलो. शाळेत रोज हजेरी घेणाऱ्या आम्हाला घरातल्या आजाराची तारीख सांगता आली नाही. या आजाराचा निम्मा निर्णय दिवसांच्या हिशेबावर होतो, हे तेव्हा कळले.

सायनस म्हणजे काय?

बरेच लोक म्हणतात, "मला सायनस झाला." खरे तर सायनस सगळ्यांनाच असतात. गालांच्या हाडांत, कपाळात, दोन्ही डोळ्यांच्या मधे आणि नाकाच्या मागे खोलवर असलेल्या या हवेच्या पोकळ्या आहेत. त्यांच्या चार जोड्या असतात. त्यांतला पातळ शेंबूड बारीक छिद्रांतून नाकात उतरत असतो. सर्दीने आतली त्वचा सुजली की ही छिद्रे बंद होतात, शेंबूड आत साचतो आणि चेहरा जड होतो. यालाच सायनसायटिस म्हणतात.

नाक चोंदणे, घट्ट पिवळा-हिरवा शेंबूड, गाल किंवा कपाळ दुखणे, वास न येणे, वरच्या दाढा ठणकणे ही याची लक्षणे. वाकले की दुखणे वाढते. वावरात कापूस वेचताना किंवा सजद्यात गेल्यावर डोके फुटेल असे वाटते. त्रास फार असेल तर आजारी माणसाला बसून इशाऱ्याने नमाज अदा करण्याची सवलत आहेच. लहान लेकरांना दुखणे नीट सांगता येत नाही. त्यांच्यात वाहते नाक आणि रात्रीचा खोकला हीच खूण असते.

दिवस मोजा

सर्दीनंतरचा सायनसचा त्रास बहुतेक वेळा विषाणूंमुळेच होतो आणि आपोआप बरा होतो. मोठ्या माणसांच्या १०० सर्दींपैकी साधारण दोनच किंवा त्याहूनही कमी वेळा त्यात जिवाणूंचा संसर्ग होतो. मुलांमध्ये हे प्रमाण थोडे जास्त असते. शेंबूड हिरवा झाला म्हणजे अँटिबायोटिक लागेलच, असे नाही. जिवाणूंची शंका तीन प्रकारे येते.

१) १० दिवस झाले तरी काहीच उतार नाही.
२) आधी बरे वाटू लागले आणि पाचव्या-सहाव्या दिवसानंतर ताप, दुखणे, शेंबूड पुन्हा वाढले.
३) सुरुवातीपासूनच सलग तीन-चार दिवस १०२ अंश किंवा जास्त ताप, सोबत घट्ट शेंबूड किंवा चेहऱ्यावर तीव्र दुखणे.

यांपैकी काही असेल तर डॉक्टरांकडे जावे. नसेल तर घरचे उपाय करीत थांबावे.

घरी काय करावे?

ताप व दुखण्यासाठी पॅरासिटामॉल पुरते. मुलांना ते वजनानुसार द्यावे लागते, म्हणून प्रमाण विचारून घ्यावे. पाणी, सूप, शोरबा भरपूर द्यावा. झोपताना डोके थोडे उंच ठेवावे.

सर्वांत उपयोगी आणि स्वस्त उपाय म्हणजे मिठाच्या पाण्याने नाक धुणे. एक पेला (सुमारे २४० मिली) पाणी उकळून कोमट करावे. त्यात पाव ते अर्धा लहान चमचा मीठ, शक्यतो आयोडीन नसलेले, आणि चिमूटभर खाण्याचा सोडा टाकावा. बेसिनवर वाकून, तोंडाने श्वास घेत, स्वच्छ बाटलीने एका नाकपुडीत हलकेच सोडावे. ते दुसरीतून बाहेर येते. बाटली रोज धुऊन वाळवावी.

वुजू करताना नाकात पाणी घेण्याची सवय आपल्याला आहेच. पण हे धुणे वेगळे आहे, यात पाणी खूप वर जाते. म्हणून नळाचे किंवा विहिरीचे कच्चे पाणी वापरू नये. दूषित पाण्यातला अमिबा नाकावाटे मेंदूत गेल्याच्या घटना क्वचित का होईना, कराचीत आणि केरळात घडल्या आहेत.

काय टाळावे?

नाक उघडणारे थेंब (झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन) लगेच आराम देतात. पण ते तीन ते पाच दिवसांपेक्षा जास्त टाकले तर थेंब बंद करताच नाक आणखी चोंदते. आमच्या ओळखीत महिनोन् महिने बाटली खिशात घेऊन फिरणारे लोक आहेत. रक्तदाबाच्या रुग्णांनी आणि लहान मुलांसाठी हे थेंब डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नयेत.

वाफेने काहींना बरे वाटते, पण तिने आजार लवकर बरा होतो असे नाही. उकळत्या पाण्याचे पातेले सांडून लेकरे भाजतात. मुलांना अशी वाफ देऊच नये. चुलीचा, विडीचा, लोबानचा धूर आणि जिनिंगमधली कापसाची धूळ यांपासून रुग्णाला दूर ठेवावे. आणि हो, बिचाऱ्या संत्र्याला दोष देऊ नका. सर्दी विषाणूने होते, संत्र्याने नाही.

डॉक्टरांचे उपचार

लक्षणे विचारून आणि नाक तपासूनच डॉक्टर बहुतेक वेळा निदान करतात. साध्या त्रासात एक्स-रे किंवा सीटी स्कॅनची गरज नसते. जिवाणूंची शंका असेल तर अमॉक्सिसिलिन, कधी त्यासोबत क्लॅव्ह्युलॅनेट, ठरावीक दिवस देतात. सूज कमी करण्यासाठी नाकातला स्टिरॉइड स्प्रे देऊ शकतात. औषध सांगितले तितके दिवसच घ्यावे, मनाने कमी-जास्त करू नये. उरलेल्या गोळ्या पुढच्या सर्दीसाठी ठेवू नयेत. दोन-तीन दिवसांत फरक पडला नाही तर पुन्हा दाखवावे.

एकाच बाजूने दुर्गंधीयुक्त शेंबूड येत असेल तर मोठ्यांमध्ये वरची किडलेली दाढ तपासावी. लहानांमध्ये नाकात चणा, मणी, खोडरबराचा तुकडा अडकलेला असू शकतो. तो घरी काढू नये. १२ आठवड्यांपेक्षा जास्त त्रास असेल तर तो जुनाट सायनसायटिस. त्यासाठी नाक-कान-घसा तज्ज्ञच हवेत.

या खुणा दिसल्या तर त्याच दिवशी दवाखाना

डोळ्याभोवती सूज किंवा लाली, एकाचे दोन दिसणे, कपाळावर सूज, असह्य डोकेदुखी, मान ताठ होणे, गुंगी. संसर्ग डोळ्याकडे किंवा मेंदूकडे पसरत असल्याच्या या खुणा असू शकतात.

मधुमेह असलेल्यांनी जास्त सावध राहावे. २०२१ साली कोरोनानंतर विदर्भात म्युकरमायकोसिसचे, म्हणजे ज्याला लोक काळी बुरशी म्हणत त्याचे, अनेक रुग्ण आढळले. त्याची सुरुवात अनेकदा नाकात आणि सायनसमध्येच होत असे. मधुमेह आणि स्टिरॉइडचा अतिवापर ही मोठी कारणे होती. अँफोटेरिसिन-बी इंजेक्शनची इतकी टंचाई झाली की वर्ध्यातही त्याचे उत्पादन सुरू करावे लागले. कित्येकांचा डोळा गेला, कित्येकांचा जबडा. म्हणून मधुमेही माणसाचा गाल बधिर झाला, नाकातून काळपट स्राव आला किंवा टाळूवर काळा डाग दिसला तर सकाळची वाट पाहू नये. मोर्शीच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा थेट अमरावतीच्या इर्विनमध्ये न्यावे.

आता आमच्या घरी कोणाला सर्दी झाली की स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेला गोल करतो. शेजारी रोजचा ताप लिहितो. गेल्या हिवाळ्यात अम्मींच्या सर्दीला असा गोल केला आणि आठव्या दिवशी त्या बऱ्या झाल्या, एकही अँटिबायोटिक न घेता. आपल्याही घरात कॅलेंडर असेलच. पेन तेवढा शेजारी टांगून ठेवा.