जहाजावरचं जेवण, कोट आणि कमरबंद

गेल्या रमजान ईदला एका माजी विद्यार्थ्याचा व्हिडिओ कॉल आला. शाळेत माझ्याकडे उर्दू आणि मराठी दोन्ही शिकलेला, खाडीकाठच्या गावातला मुलगा. सध्या एका परदेशी क्रूझ जहाजावर वेटर आहे. अंगात काळं जाकीट, गळ्याला बो, केस चापून बसवलेले. "ईद मुबारक सर," म्हणाला, "नमाज झाली, शीरखुर्मा मात्र राहिला." मी सहज विचारलं, "तिकडे पाहुण्यांनाही असंच नटूनथटून जेवायला यावं लागतं का रे?" तो हसला. "नाही सर. पूर्वी वेळ ठरलेली, टेबल ठरलेलं, कपडेही ठरलेले असायचे म्हणे. आता पाहुणे हवे तेव्हा येतात, हवं ते घालून येतात. बदललं नाही ते फक्त आमचं."

फोन ठेवल्यावरही हे शेवटचं वाक्य डोक्यातून जाईना. जहाजावर कुणी काय घालून, कुणाशेजारी बसून जेवायचं, हा प्रश्न वरवर श्रीमंतांच्या हौसेचा वाटतो. पण त्याचा इतिहास चाळला तर त्यात आपली माणसं जागोजागी भेटतात. कधी पाहुणा म्हणून, बहुतेक वेळा नोकर म्हणून.

आपल्या सगळ्यांना ठाऊक असलेल्या एका प्रवाशापासून सुरुवात करू. ४ सप्टेंबर १८८८ रोजी मुंबईहून 'क्लाइड' नावाच्या बोटीने मोहनदास गांधी नावाचा, एकोणिसावं वर्ष पुरं व्हायला आलेला तरुण बॅरिस्टर व्हायला निघाला. काटेचमच्याने खायची सवय नव्हती, आणि कुठल्या पदार्थात मांस नाही हे विचारायचं धाडसही होत नव्हतं. म्हणून तो जेवणाच्या टेबलावर गेलाच नाही. घरून आणलेली मिठाई आणि फळं केबिनमध्येच खात राहिला. कपड्यांचंही तसंच. बोटीवर काळा सूट वापरला आणि पांढरा फ्लॅनेलचा सूट इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरताना घालायचा म्हणून जपून ठेवला. सप्टेंबरअखेर उतरून पाहतो तर तसले पांढरे कपडे घातलेला तो एकटाच. ही फजिती गांधीजींनी आत्मकथेत स्वतःच सांगितली आहे. हलाल-हरामचा विचार करत परदेशी पंगतीला पहिल्यांदा बसलेल्या कुठल्याही मुसलमान मुलाला हा प्रसंग परका वाटणार नाही. अन्न समोर असतं, भूकही असते, पण विचारायचं कसं, हे सुचत नाही.

तो काळ प्रवासी बोटींचा होता. या गावाहून त्या गावाला पोचवायचं, हे त्यांचं काम. केवळ फिरण्यासाठी समुद्रावर जायचं, ही कल्पना रुजवली जर्मनीतल्या हांबुर्ग-अमेरिका कंपनीच्या आल्बर्ट बालिन यांनी. हिवाळ्यात अटलांटिकवर प्रवासी कमी, बोटी रिकाम्या पडून राहायच्या. म्हणून जानेवारी १८९१ मध्ये त्यांनी 'आउगुस्टा व्हिक्टोरिया' ही बोट भूमध्य समुद्राच्या सहलीवर पाठवली. आजच्या क्रूझची सुरुवात बहुतेक जण तिथूनच मोजतात.

या बोटींवर जेवणाची शिस्त कडक होती. वर्ग वेगळा, तसं भोजनगृहही वेगळं. वेळ झाली की बिगुल वाजे. पहिल्या वर्गात रात्रीच्या जेवणाला पुरुषांनी काळा डिनर सूट आणि बायकांनी लांब गाऊन घालून यायचं. सवलत असे ती पहिल्या आणि शेवटच्या रात्री, कारण पहिल्या रात्री ट्रंका उघडलेल्या नसत आणि शेवटच्या रात्री त्या बांधून झालेल्या असत. म्हणजे या कडक नियमालाही हमाल आणि ट्रंकांपुढे नमावं लागे! पुढे फ्रेंच बोटींनी या नटण्याचा सोहळाच करून टाकला. १९३५ च्या 'नॉर्मंडी' बोटीचं पहिल्या वर्गाचं भोजनगृह सुमारे ३०५ फूट लांब होतं, व्हर्सायच्या राजवाड्यातल्या प्रसिद्ध आरसेमहालाहून लांब. अशा बोटींवर जेवायला जाताना भव्य जिन्यावरून खाली उतरायचं, म्हणजे आधीच बसलेल्या सगळ्यांना तुम्ही दिसणार. जेवण जेवढं पोटासाठी, तेवढंच दिसण्यासाठी.

पण हवं तेव्हा, हवं ते खाण्याची सोय आजची आहे, असं समजू नका. त्याच बालिन यांनी १९०५ मध्ये 'अमेरिका' या बोटीवर रिट्झ-कार्लटनच्या नावाचं स्वतंत्र उपाहारगृह काढलं. तिथे ठरलेल्या पंगतीऐवजी आपल्याला हवं ते मागवून, वेगळे पैसे देऊन खाता येई. १९१२ च्या 'टायटॅनिक'वरही असं एक उपाहारगृह होतं, लुइजी गात्ती यांच्या व्यवस्थापनाखालचं. मुख्य भोजनगृहाची वेळ त्याला लागू नव्हती. त्याच बोटीवर तिसऱ्या वर्गातल्यांना मात्र जे वाढलं जाईल ते, ज्या वेळी वाढलं जाईल त्या वेळी खायचं होतं. मर्जी ही चीज तेव्हाही होती, फक्त तिला तिकीट होतं. बोट बुडाली तेव्हा गात्ती आणि त्यांच्या उपाहारगृहातले बहुतेक सगळे कामगार बुडाले.

आता आपल्या बाजूच्या समुद्राकडे वळू. मुंबईहून विलायतेला जाणाऱ्या पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर साहेबलोक जेवायला बसत, तेव्हा त्यांना वाढणारे बहुधा गोव्याचे ख्रिस्ती असत. डेकवर दोर ओढणारे खलाशी साधारणपणे गुजरातचे आणि आपल्या रत्नागिरीकडचे, त्यात कोकणी मुसलमान मोठ्या संख्येने. खाली इंजिनाच्या भट्टीपाशी पंजाब-सरहद्दीकडचे मुसलमान. इंग्रज या सगळ्यांना 'लास्कर' म्हणत. हा शब्द आपल्या 'लष्कर'चाच भाऊ. त्यांचा मुकादम म्हणजे सारंग, त्याच्या हाताखाली तांडेल आणि त्यांचं जेवण रांधणारा भंडारी. रत्नागिरी-रायगडच्या किती घरांत ही नावं अजून आडनावासारखी चिकटून आहेत!

या खलाशांचा करारनामा गोऱ्या खलाशांपेक्षा वेगळा असे. पगार कमी, राहायची जागा कमी, शिधाही वेगळा. त्यांच्या कपड्यांचा नियमही ठरलेला: अंगात निळा सुती अंगरखा, कमरेला लाल रुमाल, डोक्यावर टोपी किंवा पागोटं. वर साहेब काळ्या सुटात आणि खाली खलाशी निळ्या अंगरख्यात. कपड्यावरून माणूस कुठल्या मजल्यावरचा, हे लांबून ओळखू यावं अशी ही व्यवस्था होती.

उर्दूचा मास्तर असल्यामुळे मला इथे दोन शब्द फार गंमतीचे वाटतात. तांबड्या समुद्रात शिरलं की उकाड्याने जीव जायचा. तिथे इंग्रजांनी नियमात एक पळवाट काढली. कोट काढून ठेवायचा, पण पांढरा शर्ट, काळी पँट आणि कमरेला रुंद रेशमी पट्टा बांधून जेवायला यायचं. याला 'रेड सी रिग' असं नावच पडलं. तो कमरेचा पट्टा म्हणजे कमरबंद. फारसी-उर्दूतला शब्द, हिंदुस्थानात इंग्रज अधिकाऱ्यांनी उचललेला, आणि आज जगभर डिनर सुटाचा भाग झालेला. दुसरा शब्द 'डंगरी'. मुंबईतल्या आपल्या डोंगरीला मिळणारं जाडंभरडं सुती कापड खलाशांच्या कामाच्या कपड्यांना वापरलं जाई. डोंगरीवरून इंग्रजीत त्या कापडाला आणि पुढे त्या कपड्यांनाच हे नाव पडलं. म्हणजे नोकराच्या देशातला कमरबंद साहेबाच्या टेबलावर जाऊन बसला, आणि डोंगरीचं कापड मात्र कामगाराचं म्हणून बाहेरच राहिलं. तिच्याच जातकुळीतली जीन्स कितीतरी वर्षं जहाजांच्या मुख्य भोजनगृहात संध्याकाळी चालत नसे. कापड वाईट नव्हतं. ते कुणाच्या अंगावर असतं, हे महत्त्वाचं होतं.

याच मुंबई बंदरातून आणखी एक बोट सुटत असे, हाजींची. १८७७ मध्ये स्थापन झालेली आणि पुढे 'मोगल लाइन' म्हणून ओळखली गेलेली कंपनी वर्षानुवर्षं यात्रेकरूंना जिद्दाला नेत होती. मुंबईहून समुद्रमार्गे हजला जाणं १९९५ मध्ये थांबलं. त्या बोटीवरही एक 'ड्रेस कोड' होता, पण उलट्या दिशेचा. यलमलमच्या समोर बोट आली की पुरुषांनी एहराम बांधायचा. न शिवलेल्या दोन पांढऱ्या चादरी. शेठ आणि मजूर, दोघांचा वेश एक. कपड्यावरून माणूस ओळखूच येऊ नये, हा त्या नियमाचा हेतू.

मात्र इथे आपण स्वतःशी प्रामाणिक राहिलं पाहिजे. एहराम सारखा असला, तरी तिकीट सारखं नव्हतं. पहिल्या वर्गाच्या केबिन वेगळ्या आणि डेकवर वळकटी टाकून झोपणारे वेगळे. सुरुवातीच्या काळात डेकवरचे यात्रेकरू आपला शिधा आपणच नेत. म्हणजे वेश एक झाला तरी दस्तरखान एक झाला नाही. दीनने दिलेली बरोबरी जहाजाच्या तिकीटघराला मान्य नव्हती.

पुन्हा क्रूझकडे येऊ. १९५८ मध्ये जेट विमानं अटलांटिक ओलांडू लागली आणि प्रवासी बोटींचा धंदा बसला. उरल्या त्या सहलीच्या बोटी. १९६६ पासून मायामीहून कॅरिबियन बेटांकडे मध्यमवर्गीय अमेरिकन माणूस सहलीला जाऊ लागला. वर्गवारीची भोजनगृहं हळूहळू गेली, पण जुनी रीत टिकली. संध्याकाळी दोन पंगती, एक लवकरची आणि एक उशिराची. आठवडाभर तेच टेबल, तेच अनोळखी शेजारी, तोच वेटर. एक-दोन रात्री सुटाबुटाच्या. शेवटच्या रात्री वेटरच्या हातात बक्षिसीचं पाकीट.

ही चौकट २००० साली नॉर्वेजियन क्रूझ लाइनने मोडली. 'फ्रीस्टाइल' या नावाखाली ठरलेली वेळ आणि ठरलेलं टेबल गेलं, सूट घालायची सक्ती गेली, एकाऐवजी अनेक उपाहारगृहं आली. लोकांना हे आवडलं. पुढच्या दहा वर्षांत इतर मोठ्या कंपन्यांनीही जुन्या पंगतीच्या जोडीला मोकळ्या वेळेचा पर्याय दिला. क्युनार्डसारख्या कंपनीने नटण्याच्या 'गाला' रात्री राखून ठेवल्या, पण तिथेही राष्ट्रीय पोशाख चालतो. शेरवानी घालून गेलात तर कुणी अडवणार नाही.

तरी सगळं मोकळं झालं म्हणजे सगळं बरं झालं, असंही नाही. रॉयल कॅरिबियनने २०१४ च्या 'क्वांटम ऑफ द सीज' जहाजावर मुख्य भोजनगृहच काढून टाकलं आणि प्रवाशांना वेगवेगळ्या उपाहारगृहांत फिरायला लावलं. आरक्षणाचा घोळ, रांगा, रोज नवा वेटर. लोक वैतागले आणि थोड्याच काळात कंपनीला जुनी पद्धत परत आणावी लागली. ठरलेल्या टेबलावर काहीतरी होतं, जे माणसांना हवं होतं. अनोळखी माणसाशेजारी आठ दिवस बसलं की तो अनोळखी राहत नाही. आपल्याकडे एका थाळ्याभोवती बसून जेवलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

आणि विषमता? ती गेली नाही, तिने कपडे बदलले. आज कोट घातला नाही म्हणून कुणाला बाहेर काढत नाहीत. पण खास उपाहारगृहाला वेगळे पैसे पडतात, आणि महागड्या खोल्यांचं भोजनगृहच वेगळं असतं. क्युनार्डच्या जहाजांवर तुम्ही कुठली खोली घेतली, त्यावर तुम्ही कुठे जेवणार हे ठरतं. पूर्वी दारावरचा माणूस तुमचा पोशाख बघायचा, आता तुमचं कार्ड बघतो. गांधीजी आज त्या बोटीवर असते तर त्यांना शाकाहारी जेवण मिळालं असतं. मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझवर तर जैन जेवणही मिळतं. ही सुधारणा खरी आहे, तिला नावं ठेवू नयेत. हिजाब घातलेली बाई आणि अर्ध्या चड्डीतला माणूस एकाच भोजनगृहात बसू शकतात, हे १९३५ च्या त्या जिन्यावरून उतरणाऱ्यांना पटलं नसतं.

राहता राहिला माझा विद्यार्थी. पंगत मोडली तेव्हा वेटरचं ते पाकीटही मोडलं. आता बऱ्याच जहाजांवर रोजची ठरावीक रक्कम प्रवाशाच्या बिलात लागते आणि ती सगळ्यांत वाटली जाते. जुन्या लास्करांपेक्षा त्याची स्थिती कितीतरी बरी आहे. २००६ चा सागरी कामगार करार २०१३ पासून लागू आहे आणि भारतानेही तो २०१५ मध्ये मान्य केला. त्यात चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती सांगितली आहे. जेवण मोफत द्यायचं, आणि ते देताना खलाशाच्या धर्माच्या आणि संस्कृतीच्या गरजा विचारात घ्यायच्या, असंही लिहिलं आहे. म्हणजे कुठल्या पदार्थात काय आहे हे विचारण्याचा जो संकोच १८८८ च्या प्रवाशाला होता, तो आजच्या वेटरने बाळगायचं कारण नाही. तो त्याचा हक्क आहे.

मी त्याला दुसऱ्या दिवशी हेच लिहून पाठवलं. सोबत कमरबंदाची आणि डोंगरीची गोष्टही. रात्री उशिरा उत्तर आलं: "सर, माझ्या युनिफॉर्ममध्येही कमरबंद आहे. आजवर वाटायचं, इंग्रजी शब्द आहे."